पाणी पूर्वेकडे वाहते



गेल्या रविवारी नऊच्या मिस्सानंतर एक तरुण आई आम्हाला भेटली. कडेवर तान्हे बाळ, हाताला धरलेली चार वर्षांची मुलगी. रुळांच्या पलीकडून, पूर्वेकडून, दोन रिक्षा बदलून हे कुटुंब दर रविवारी येते. ती काही तक्रार घेऊन आली नव्हती. बाळाच्या स्नानसंस्काराची तारीख विचारायला आली होती. जाता जाता सहज म्हणाली, "फादर, आमच्या मोठीला वाटतं मिस्सा म्हणजे स्पीकर. तिने वेदी अजून नीट बघितलीच नाही. आम्ही पोहोचतो तोवर आत जागा नसते, मग मंडपात मागेच उभं राहावं लागतं."

तिने ते हसत सांगितले. आम्हाला मात्र हसू आले नाही. मिस्सा म्हणजे स्पीकर! ज्या धर्मग्रामात एखादे मूल असे समजून मोठे होते, त्या धर्मग्रामाने स्वतःला काही प्रश्न विचारायला हवेत.

आपल्या नव्या चर्चच्या योजनेवर दोन आठवड्यांपूर्वी हॉलमध्ये सभा झाली, ती आपणां सर्वांना आठवत असेलच. सभा लांबली, आवाज चढले, काही जण मध्येच उठून गेले. घरी गेल्यावरही चर्चा थांबली नाही. ओट्यावर, विहिरीवर, रिक्षा स्टँडवर, लग्नाच्या मांडवात हाच विषय आहे. ही चर्चा वाईट आहे असे आम्हाला वाटत नाही. ज्या घरावर माणसाचे प्रेम असते त्याच घरावरून तो भांडतो. पण भांडणात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. आपले जुने चर्च आपण का सोडायचे? नवे चर्च कोणासाठी बांधायचे? आणि पैसा कुठून आणायचा? हे प्रश्न आज आपण एकेक करून प्रभूच्या वचनासमोर ठेवू या.

त्याला निमित्तही चांगले आहे. येत्या ९ नोव्हेंबरला ख्रिस्तसभा रोममधील लॅटरन महामंदिराच्या समर्पणाचा सण साजरा करते. पुष्कळांना वाटते की पोप महोदयांचे चर्च म्हणजे संत पेत्राचे महामंदिर. पण रोमचे बिशप या नात्याने त्यांचे कॅथेड्रल लॅटरन हेच आहे. २०२५ च्या मे महिन्यात पोप लिओ चौदावे यांनी तिथेच आपल्या आसनाचा स्वीकार केला. सम्राट कॉन्स्टंटाईनने दिलेल्या जागेवर ते उभे राहिले आणि इ.स. ३२४ मध्ये पोप सिल्व्हेस्टर यांनी ते देवाला समर्पित केले. त्यापूर्वी जवळजवळ तीनशे वर्षे ख्रिस्ती माणसे घराघरांत जमत होती. अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरात जमणाऱ्या मंडळीचा उल्लेख संत पौल आपल्या पत्रात करतो. तंबू शिवून पोट भरणारी ती माणसे, त्यांच्याच घरात ख्रिस्तसभा वाढली. पुढे लॅटरनचे हे महामंदिरही भूकंपात कोसळले, चौदाव्या शतकात दोनदा आगीत सापडले, आणि प्रत्येक वेळी पुन्हा उभे राहिले. आज दिसणारा त्याचा दर्शनी भाग तर अठराव्या शतकातला आहे. तरी ख्रिस्तसभा त्याला सर्व चर्चेसची माता म्हणते. दगड बदलले, पण माता तीच राहिली.

आता पहिला प्रश्न. आपले चर्च का सोडायचे?

त्या सभेत मागच्या बाकावरच्या एक आजी उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "फादर, तुमची काय, पाच-सहा वर्षांत बदली होईल. आम्हाला इथल्याच मातीत जायचंय. माझं लग्न ह्या वेदीपुढे झालं, माझा मुलगा ह्याच दारातून शेवटचा बाहेर गेला. आता मी कुठे येऊ?" एवढे बोलून त्या खाली बसल्या. आम्ही त्यांना उत्तर म्हणून नकाशा दाखवला. पार्किंग किती, बाके किती, हवा कशी खेळेल, हे सांगू लागलो. आज कबूल करायला हवे की ते उत्तर नव्हते. आजींनी आपले दुःख सांगितले आणि आम्ही त्यांच्यापुढे चौरस फूट मांडले. त्याबद्दल आम्ही त्यांची आणि त्यांच्यासारख्या सर्वांची मनापासून क्षमा मागतो.

बायबलमध्ये अशा दुःखाला जागा आहे. बाबिलोनच्या बंदिवासातून परत आलेल्या लोकांनी यरुशलेममध्ये नव्या मंदिराचा पाया घातला, तो प्रसंग एज्राच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायात दिला आहे. याजक कर्णे वाजवत होते, तरुण आनंदाने ओरडत होते. पण ज्या वृद्धांनी शलमोनाचे जुने मंदिर आपल्या डोळ्यांनी पाहिले होते, ते मोठ्याने रडू लागले. आनंदाचा आवाज कोणता आणि रडण्याचा कोणता, हे कोणालाही वेगळे करता येईना, आणि तो आवाज दूरवर ऐकू गेला. पाहा, तिथे कोणी त्या म्हाताऱ्यांना गप्प बसवले नाही. मंगल दिवशी अपशकुन करता का, असे कोणी म्हटले नाही. त्यांचे रडणे त्या दिवसाच्या उपासनेचाच भाग झाले. आपल्याही पायाभरणीच्या दिवशी दोन्ही आवाज असतील. ते दोन्ही देवाच्या कानी जावोत!

तरीही जागा बदलावी लागते, ही गोष्ट आपल्या परिसराला नवी नाही. अंधेरीच्या सीप्झ वसाहतीच्या आवारात एका जुन्या चर्चचे भग्नावशेष आहेत. संत योहान बाप्तिस्मा याच्या नावाचे ते चर्च येशूसंघीयांनी १५७९ साली बांधले. १८४० साली साथीचा रोग आला, गाव उठले, आणि तिथले ख्रिस्ती मरोळला गेले. जाताना त्यांनी वेद्या नेल्या, मूर्ती नेल्या आणि स्नानकुंडही नेले. ज्या कुंडात आजोबांचा स्नानसंस्कार झाला त्याच कुंडात नातवंडांचाही व्हावा, अशी त्यांची भावना असावी. मरोळचे धर्मग्राम आजही नांदते आहे आणि त्या जुन्या भिंतींमध्ये दर वर्षी मे महिन्यात भाविक मिस्सासाठी जमतात. नवी जागा घेतल्याने जुनी जागा विसरली गेली नाही.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना एक जुने ग्रीक कोडे अभ्यासाला होते. थेसियस नावाच्या वीराचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले होते. एखादी फळी कुजली की ती काढून नवी बसवायची. असे करता करता एकही जुनी फळी उरली नाही. मग ते जहाज तेच की दुसरे? पंडितांनी यावर पुष्कळ वाद घातला. पण हा प्रश्न आपल्या कोळीवाड्यात विचारला तर एखादा नाखवा म्हणेल, "फळ्यांचं काय विचारता फादर, होडीत माणसं तीच आहेत ना? जाळं तिथेच टाकतात ना?" आम्हाला वाटते, हे उत्तर बऱ्याच ग्रंथांपेक्षा सरस आहे. संत पेत्रानेही आपल्या पत्रात आपल्याला जिवंत दगड म्हटले आहे. म्हणजे आपले चर्च आपण स्वतः आहोत, आणि आपण जिथे जाऊ तिथे ते येते.

यातले व्यवहाराचेही बोलू. सध्याच्या जागी चर्च वाढवता येईल का, याचा विचार पॅरिश कौन्सिलने केला. एका बाजूला दफनभूमी आहे, दुसऱ्या बाजूला विहीर आणि शाळा. समोरच्या गल्लीतून रुग्णवाहिका जेमतेम येते, अग्निशमन दलाची गाडी येऊच शकत नाही. हजारो माणसे अशा ठिकाणी दाटीवाटीने जमवणे हे धोक्याचे आहे. म्हणून पूर्वेची जागा निवडली. मात्र जुने चर्च पाडले जाणार नाही, बंदही होणार नाही. रविवारची पहाटेची मिस्सा, रोजची मिस्सा, अंत्यविधी आणि पवित्र मरिया मातेची नोव्हेना इथेच राहावी, अशी विनंती आम्ही बिशप महोदयांकडे केली आहे. आजींना आपल्या वेदीपुढे यायला कोणतीही रिक्षा लागणार नाही.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. नवे चर्च कोणासाठी?

हा प्रश्न सभेत सभ्य शब्दांत विचारला गेला, आणि ओट्यावर उघड. "आम्ही इथले मूळचे. आमच्या वाडवडिलांनी केळी आणि पानं विकून चर्च उभारलं. आता बाहेरून आलेल्यांसाठी आम्हीच पुन्हा खिशात हात घालायचा? आणि उद्या तिथे मिस्सा हिंदीत नि इंग्रजीत, मग आमच्या मराठीचं काय?"

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आपण झटकून टाकू नये. त्यात भीती आहे. गेल्या चाळीस वर्षांत आपला तालुका ओळखू येणार नाही इतका बदलला. बावखले बुजली, वाड्या गेल्या, इमारती आल्या. चार नगरपालिका जाऊन २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली. ज्याच्या दाराशी एवढा लोंढा येतो त्याला आपली भाषा, आपला वेश, आपली गाणी वाहून जातील असे वाटणे साहजिक आहे. मराठी मिस्सा आपला वारसा आहे आणि तो नव्या चर्चमध्येही पूर्ण मानाने राहील.

पण आता लॅटरन सणाच्या पहिल्या वाचनाकडे वळू या. यहेज्केल संदेष्ट्याला दृष्टान्तात मंदिर दिसते. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघते. ते आत साठून राहत नाही. ते बाहेर पडते आणि पूर्वेकडे वाहू लागते. प्रथम घोट्याइतके, मग गुडघ्याइतके, मग कमरेइतके, आणि शेवटी पोहल्याशिवाय पार करता येणार नाही अशी नदी होते. ती नदी मृत समुद्रापर्यंत जाते आणि तिथले खारे पाणी गोडे होते, त्यात मासे होतात, काठावर झाडे वाढतात आणि त्यांची पाने औषध होतात.

आपण वाडीवाले लोक, आपल्याला पाण्याचे वेगळे सांगायला नको. विहिरीचे पाणी उपसले नाही तर त्यावर शेवाळ धरते. पाट अडवून ठेवला तर वरचा वाफा कुजतो आणि खालचा वाळतो. मंदिरातून निघालेले पाणी जर मंदिरातच अडवले, तर ते कोणाच्या उपयोगाचे? आमच्या या धर्मग्रामात पूर्व म्हणजे रुळांच्या पलीकडची चाळ, कारखान्यांचे गाळे, हायवेलगतची वस्ती. यहेज्केलाने आपला नकाशा पाहिला नव्हता. पण देवाची कृपा कोणत्या दिशेने वाहते हे त्याने पाहिले होते: जिथे खारे आणि मेलेले पाणी आहे त्या दिशेने.

आणि बाहेरचे कोण? वसईच्या किल्ल्यात एकदा जाऊन या. तिथे अजून चर्चेसच्या उंच भिंती उभ्या आहेत, कमानी आहेत, फरशीत कोरलेले थडग्यांचे दगड आहेत. त्या काळी तिथे पैशाची कमतरता नव्हती. मे १७३९ मध्ये किल्ला पडला, पोर्तुगीज निघून गेले, आणि पुढे छप्परे गेली. त्यातल्या काही घंटा दूरच्या देवळांत गेल्या. वसईहून आलेली अशी एक घंटा आजही भीमाशंकरला पाहायला मिळते. इमारतींची अशी दशा झाली. पण आपले पूर्वज मात्र ख्रिस्ती राहिले. छप्पर गेले तरी श्रद्धा टिकली, कारण ती भिंतींवर उभी नव्हती. घराघरात रोजरीची प्रार्थना चालू राहिली, गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभे राहिले. ज्यांना एकेकाळी स्वतःचे छप्पर नव्हते त्यांचीच आपण लेकरे आहोत. मग आज छप्पर नसलेल्याला आपण परका कसे म्हणणार?

याच वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांचे स्मरण करू या. ते इथून निघाले आणि दूर जपानमध्ये परक्या लोकांत, परक्या भाषेत प्रभूची सेवा केली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर त्यांनी प्राण दिले. १८६२ साली ते संत म्हणून घोषित झाले. आपला एकमेव वसईकर संत परक्यांची भाषा शिकून संत झाला, हे आपण विसरू नये. जपान फार दूर होते. आपल्याला तर फक्त रूळ ओलांडायचे आहेत.

आता तिसरा प्रश्न, पैशाचा. इथे आम्हाला सर्वात जास्त जपून बोलायला हवे, कारण इथेच धर्मगुरूंचे पाय घसरतात.

सणाचे शुभवर्तमान संत योहानाचे आहे. प्रभू येशू यरुशलेमच्या मंदिरात येतो आणि काय पाहतो? बैल, मेंढरे, कबुतरे विकणारे आणि पैसे बदलून देणारे सराफ. तो दोऱ्यांचा कोरडा करतो, चौरंग उलथतो, नाणी विखुरतो आणि आपल्या पित्याच्या घराचा बाजार करू नका असे बजावतो. त्या मंदिराचे काम छेचाळीस वर्षे चालू होते. यहूदी पुढाऱ्यांना त्याचा मोठा अभिमान होता. पण त्या भव्य मंदिरात गरीब बाईला दोन कबुतरे विकत घेतानाही नाडले जात असेल, तर प्रभूला ते मंदिर आपल्या पित्याचे घर वाटत नाही. पुढे इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने ते जमीनदोस्त केले.

चर्चच्या निधीसाठी आवाहन करताना आम्ही धर्मगुरू हमखास विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट सांगतो. संत मार्काच्या बाराव्या अध्यायात ती आहे. पण त्या गोष्टीच्या अगदी आधीच्या ओळी आम्ही सहसा वाचत नाही. तिथे प्रभू शास्त्र्यांवर कडाडतो की हे लोक लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरे गिळतात. आणि लगेच एक विधवा येते, जिच्याजवळ दोनच नाणी उरली आहेत. प्रभू तिच्या दानाचे कौतुक करतो. पण तिच्याजवळ दोनच नाणी का उरली, हेही त्याने आधी सांगून ठेवले आहे. त्या दोन ओळी सोबत वाचल्या की निधी मागणाऱ्याचा हात जरा थरथरतो. थरथरायलाच हवा.

म्हणून पॅरिश कौन्सिल आणि आर्थिक समितीशी बोलून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत.

पहिली गोष्ट, कुटुंबामागे ठरावीक वर्गणी नाही. कोणी किती दिले यावरून स्नानसंस्कार, लग्न किंवा अंत्यविधी अडणार नाही. ज्याला दिवसाला दहा रुपये बाजूला ठेवता येतात त्याचे वर्षाला ३,६५० रुपये होतात. ज्याला तेही जमत नाही त्याने संकोच करू नये.

दुसरी गोष्ट, देणगीदारांच्या नावांच्या फरशा रकमेप्रमाणे लावणार नाही. एकच दगड असेल आणि त्यावर लिहिले असेल की हे चर्च या धर्मग्रामातील सर्वांनी बांधले.

तिसरी गोष्ट, हिशेब दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फलकावर लागेल. हा काही आमचा मोठेपणा नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेनेच तसे सांगितले आहे. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असावी, भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, आणि ज्या हेतूने दान दिले त्याच हेतूसाठी ते वापरावे.

चौथी गोष्ट, जमा होणाऱ्या प्रत्येक रुपयातला दहावा भाग आजारी माणसांच्या औषधोपचारासाठी आणि गरजू मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला राहील. दान ठरल्या हेतूलाच लागावे म्हणून हे आजच जाहीर करीत आहोत, म्हणजे देणाऱ्याला आपले पैसे कुठे जाणार ते आधीच ठाऊक असेल. सिमेंटचा भाव वाढला तरी हा दहावा भाग कमी होणार नाही. संत जॉन क्रिसोस्टोम आपल्या लोकांना बजावत असत की चर्चमधल्या ख्रिस्ताला रेशमी वस्त्रांनी सजवायचे आणि दाराबाहेर थंडीने कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे पाहायचेही नाही, असे करू नका. सोळाशे वर्षे झाली, पण ते बोल जुने झालेले नाहीत.

आता वाडीचा विषय. चर्चच्या मागची वाडी एखाद्या बिल्डरला दिली तर एका सहीत सगळी इमारत उभी राहील, असे काही जण सुचवतात. कल्पना वाईट हेतूने मांडलेली नाही. पण ती वाडी आपल्या पूर्वजांनी गरिबांच्या अंत्यविधीचा खर्च भागावा आणि शाळेला आधार मिळावा म्हणून दिली होती. कायद्याप्रमाणेही सार्वजनिक विश्वस्त संस्थेची जमीन विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, ख्रिस्तसभेच्या नियमांप्रमाणे वरिष्ठांची संमती लागते. हे सर्व सोपस्कार पार पडतीलही. तरी मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडून बांधलेल्या चर्चमध्ये आपण कोणत्या तोंडाने प्रार्थना करणार? दावीद राजाला अरौना नावाच्या माणसाने वेदीसाठी आपले खळे फुकट देऊ केले होते. दाविदाने ते नाकारले. ज्याची आपल्याला काहीच किंमत मोजावी लागली नाही ते देवाला अर्पण करणार नाही, असे म्हणून त्याने पन्नास शेकेल चांदी मोजून दिली. वाडी विकून चर्च बांधणे म्हणजे पूर्वजांच्या घामावर आपले नाव कोरणे. निर्णय आमच्या एकट्याचा नाही, पण आमचे मत आपल्यापासून लपवून ठेवणे आम्हाला बरे वाटत नाही.

मग काम हळू होईल. होऊ द्या. आधी एक मोठी शेड, तिच्यात मिस्सा, बाजूला धर्मशिक्षणाच्या चार खोल्या. मग ऐपतीप्रमाणे चर्च. इस्राएल लोकांनी तर चाळीस वर्षे तंबूतच देवाची उपासना केली. आणि त्या तंबूच्या वेळची एक गोष्ट निर्गमच्या छत्तिसाव्या अध्यायात आहे, ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लोक रोज सकाळी इतके दान आणू लागले की कारागिरांनीच मोशेला सांगितले, गरजेपेक्षा जास्त झाले. तेव्हा मोशेने छावणीत दवंडी पिटवली की आता कोणी काही आणू नये. निधी पुरेसा झाला म्हणून थांबवणारा पुढारी! तसा दिवस आपल्याकडे आला तर आम्हीही या पत्रकात तशी सूचना छापू.

आणि देणे म्हणजे केवळ नोटा नव्हेत. पूर्वेकडच्या आपल्या बंधूंमध्ये गवंडी आहेत, सुतार आहेत, वायरमन आहेत, प्लंबर आहेत. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी इमारती त्यांच्या हातांनी उभ्या राहिल्या, पण त्यांतला एकही फ्लॅट त्यांच्या नावावर नाही. या वेळी ते प्रथमच स्वतःचे घर बांधतील. त्यांच्यातल्या एकाने सभेनंतर आम्हाला विचारले, "फादर, पैसे जमणार नाहीत, रविवारी दुपारी येऊन भिंत बांधली तर चालेल का?" आमच्या मते त्या दिवशी आपल्या निधीची सुरुवात झाली.

संत पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की आपला पाया येशू ख्रिस्त आहे, दुसरा पाया कोणी घालू शकत नाही, आणि देवाचे मंदिर आपण स्वतः आहोत. तो हे कोणाला लिहितो? आपापसांत गट पाडून बसलेल्या लोकांना. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी म्हणे मी अपुल्लोसचा. आपल्याकडे कोणी रुळांच्या अलीकडचा, कोणी पलीकडचा. भिंती उभारण्याआधी ही एक भिंत पाडावी लागेल. ती पाडायला ना परवानगी लागते, ना सिमेंट.

म्हणून या आठवड्यात आपल्यासाठी एक छोटे काम. येत्या रविवारी नऊच्या मिस्साला अलीकडच्या वाड्यांतल्या कुटुंबांनी आपली नेहमीची बाके सोडून मंडपात उभे राहावे आणि मंडपातल्या कुटुंबांना आत बसू द्यावे. वृद्ध आणि आजारी माणसे अर्थात आतच बसतील. एकच रविवार! आम्ही गायनवृंदालाही बाहेर उभे राहायची विनंती केली आहे. स्पीकरमधून मिस्सा कशी ऐकू येते, हे आपणही एकदा अनुभवू या. मिस्सा झाल्यावर शेजारी उभ्या असलेल्याचे नाव विचारू या, त्याला घरी चहाला बोलावू या. आणि मग पुढच्या सभेला येऊन नव्या चर्चविषयी आपले मत द्या. ते विरोधात असले तरी चालेल, आम्ही या वेळी ऐकून घेऊ.

त्या दिवशी ती चार वर्षांची मुलगी पहिल्या बाकावर बसलेली असेल. ती वेदी पाहील. आपल्या आजींची वेदी, जिच्यापुढे त्यांचे लग्न झाले. आजींनी तिच्या शेजारी बसावे आणि हे काय, ते काय, असे सारे तिला समजावून सांगावे, अशी आमची त्यांना नम्र विनंती आहे. नव्या चर्चमध्ये आपण कुंड नेऊ, मूर्ती नेऊ, घंटा नेऊ. पण श्रद्धा न्यायची ती अशीच न्यावी लागते, एका हातातून दुसऱ्या हातात.

हे प्रभू येशू, तुला जन्माच्या वेळी धर्मशाळेत जागा मिळाली नाही, हे आम्ही दर नाताळाला गातो आणि विसरतो. आमच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या तुला आम्हाला ओळखू दे. आमच्यातील वृद्धांचे अश्रू आणि तरुणांचा उत्साह एकाच ओंजळीत स्वीकार. आमच्या हातून बांधले जाणारे घर आधी तुझे आणि मग आमचे होवो. आमच्या मंदिरातून निघालेले पाणी अडू देऊ नकोस, ते पूर्वेकडे वाहू दे. आमेन.

ख्रिस्तात आपले,
धर्मग्रामाचे धर्मगुरू